इंका व अझ्टेक साम्राज्यांतील राज्यकारभार आणि अन्नव्यवस्था : एक तुलनात्मक अभ्यास

प्रस्तावना :

जगाच्या इतिहासात साम्राज्यांचे मूल्यमापन बहुधा त्यांची युद्धे, वास्तू आणि संपत्ती यांच्या आधारे केले जाते. अमेरिका खंडातील इंका व अझ्टेक या दोन साम्राज्यांच्या बाबतीत ही प्रवृत्ती विशेष ठळकपणे दिसून येते. इंका म्हणजे सोने आणि अझ्टेक म्हणजे नरबळी, एवढीच त्यांची ओळख सर्वसामान्य वाचकाच्या मनात शिल्लक राहिलेली असते. वास्तविक या दोन्ही समाजांकडे नांगर ओढणारा बैल नव्हता, वाहतुकीसाठी चाकाची गाडी नव्हती आणि शेतीसाठी लोखंडी अवजारे नव्हती. असे असूनही त्यांनी लक्षावधी लोकांवर राज्य केले, मोठी नगरे वसविली आणि फौजा पोसल्या. हे कसे शक्य झाले, हा प्रश्न सोन्याच्या प्रश्नापेक्षा अधिक मूलभूत आहे.

दोन्ही साम्राज्यांचा उत्कर्षकाल साधारणपणे एका शतकाचाच होता. अझ्टेकांच्या सत्तेचा पाया इ.स. १४२८ मध्ये घातला गेला आणि १५२१ मध्ये ती लयास गेली. इंकांचा विस्तार परंपरेनुसार १४३८ च्या सुमारास पाचाकुतीच्या कारकिर्दीत सुरू झाला आणि १५३२ मध्ये त्यांचा सम्राट स्पॅनिशांच्या हाती सापडला. या दोन्ही सत्तांना परस्परांच्या अस्तित्वाची माहिती होती असे मानण्यास पुरावा नाही. म्हणजेच एकाच काळात, परंतु परस्परांपासून स्वतंत्रपणे, प्रजेच्या अन्नाचा प्रश्न सोडविण्याचे दोन भिन्न मार्ग येथे आकारास आले. त्यामुळे त्यांची तुलना इतिहासाच्या अभ्यासकासाठी अत्यंत उद्बोधक ठरते.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) इंका व अझ्टेक साम्राज्यांच्या शासनरचनेचा आढावा घेणे.
२) दोन्ही साम्राज्यांतील अन्नोत्पादन, साठवण व वितरण यांच्या पद्धती समजून घेणे.
३) अन्नव्यवस्थेचा राज्यसत्तेच्या स्थैर्याशी व पतनाशी असलेला संबंध तपासणे.

अभ्यासाची साधने :

या विषयाची साधने तीन प्रकारची आहेत. पहिला प्रकार सोळाव्या व सतराव्या शतकातील लिखाणाचा होय. त्यात कोर्तेसची पत्रे, फ्राय दिएगो दुरानचा इतिहास, सिएसा दे लिओन व पोलो दे ओन्देगार्दो यांची वृत्ते, इंका मातेचा पुत्र असलेल्या गार्सिलासोचा १६०९ मधील ग्रंथ आणि ग्वामान पोमाची सचित्र हस्तलिखित कैफियत यांचा समावेश होतो. दुसरा प्रकार देशी नोंदींचा. अझ्टेकांच्या चित्रलिपीतील खंडणीच्या याद्या आणि इंकांच्या गाठी मारलेल्या दोऱ्यांचे हिशेब, म्हणजेच क्विपू, या प्रकारात मोडतात. तिसरा प्रकार पुरातत्त्वीय उत्खननांचा होय. पहिल्या प्रकारचे लिखाण पराभवानंतरचे असल्यामुळे त्यात जेत्यांचे पूर्वग्रह आहेत, तसेच जितांच्या वंशजांनी पूर्वजांचे केलेले उदात्तीकरणही आहे. म्हणून ते अन्य साधनांशी ताडून पाहणे आवश्यक ठरते.

भौगोलिक पार्श्वभूमी :

इंका साम्राज्य अँडीज पर्वताच्या कण्याने आजच्या दक्षिण कोलंबियापासून मध्य चिलीपर्यंत सुमारे ४,००० किलोमीटर पसरलेले होते. त्याची राजधानी कुस्को समुद्रसपाटीपासून सुमारे ३,४०० मीटर उंचीवर आहे. या प्रदेशात थोड्या अंतरात उंची झपाट्याने बदलते. किनाऱ्यावर वाळवंट, मधल्या खोऱ्यांत मका, त्याहून वर बटाटा व किनोआ, सर्वांत वर लामा-अल्पाका यांची कुरणे आणि पूर्वेच्या उतारावर कोका अशी रचना आहे. कोणत्याही एका गावाला सर्व गरजा आपल्या शिवारातून भागविता येत नाहीत. गारपीट, हिमतुषार व अवर्षण ही संकटे तर नित्याचीच होती.

अझ्टेकांची भूमी म्हणजे मेक्सिकोचे खोरे. सुमारे २,२०० मीटर उंचीवरील या खोऱ्यात परस्परांना जोडलेली उथळ सरोवरे होती. त्यांपैकी टेस्कोको सरोवराचे पाणी खारट होते, तर दक्षिणेकडील शोचिमिल्को व चाल्को या सरोवरांचे पाणी गोडे होते. परंपरेनुसार १३२५ मध्ये मेशिका लोकांनी टेस्कोको सरोवरातील एका बेटावर टेनोच्टिट्लान हे नगर वसविले. स्पॅनिश लोक १५१९ मध्ये तेथे पोहोचले तेव्हा त्याची लोकसंख्या दीड ते दोन लाख असावी, असा अनेक अभ्यासकांचा अंदाज आहे. एवढ्या मोठ्या नगराला बेटावरच्या जमिनीवर जगविणे केवळ अशक्य होते.

इंकांची शासनरचना :

इंकांनी आपल्या राज्याला 'तावान्तिनसुयू' म्हणजे एकत्र जोडलेले चार प्रदेश असे नाव दिले होते. चिंचायसुयू, आंतिसुयू, कोयासुयू व कुंतिसुयू हे ते चार विभाग. सर्वोच्च स्थानी सापा इंका, त्याच्या खाली प्रांताधिकारी आणि त्यांच्या खाली स्थानिक सरदार, म्हणजेच कुराका, अशी उतरंड होती. अनेक प्रांतांत कुटुंबांची गणना दशमान पद्धतीने होत असे. दहा, शंभर, एक हजार व दहा हजार कुटुंबांचे गट करून प्रत्येक गटावर एक अधिकारी नेमलेला असे. ही गणना क्विपूवर नोंदविली जाई. या दोऱ्यांवरील गाठी दशमान संख्या दर्शवितात, हे लेलँड लॉक या अमेरिकन अभ्यासकाने १९१२ मध्ये दाखवून दिले.

या सर्व रचनेच्या मुळाशी 'आय्यू' हा नात्यागोत्याने बांधलेला ग्रामसमूह होता. जमीन आय्यूच्या सामाईक मालकीची असे आणि कुटुंबाच्या गरजेप्रमाणे ती वाटून दिली जाई. आय्यूतील माणसे एकमेकांची नांगरट, पेरणी व घरबांधणी पाळीपाळीने करीत आणि ज्याचे काम असेल तो इतरांना जेवू घालीत असे. महाराष्ट्रातील वाचकाला यावरून इर्जिकीची आठवण झाल्यास नवल नाही. इंकांनी ही ग्रामीण रीत मोडली नाही, तर ती साम्राज्याच्या पातळीवर नेली. त्यांच्या राज्यकारभाराचे मर्म यातच आहे.

श्रम, कोठार आणि मेजवानी :

जिंकलेल्या प्रदेशातील जमिनीचे तीन भाग केले जात. एक राज्याचा, दुसरा देवस्थानांचा आणि तिसरा ग्रामसमूहाचा. हे भाग समान नसत. प्रदेशानुसार त्यांचे प्रमाण बदलत असे. प्रजेने राज्याच्या व देवस्थानाच्या जमिनी कसायच्या, परंतु तिच्या स्वतःच्या शेतातील धान्याला राज्याने हात लावायचा नाही, हे या व्यवस्थेचे तत्त्व होते. स्पॅनिश अधिकारी पोलो दे ओन्देगार्दो याने हा मुद्दा आवर्जून नोंदविला आहे. वस्त्रांच्या बाबतीतही हेच तत्त्व लागू होते. लोकर राज्याने पुरवावी आणि कुटुंबाने ती विणून द्यावी. म्हणजे कर होता तो वस्तूंचा नव्हे, तर श्रमाचा. पाळीने द्यावयाच्या या श्रमसेवेस 'मिता' असे म्हणत.

या तत्त्वाचा एक दूरगामी परिणाम संभवत होता. पीक बुडाले तर राज्याच्या शेतातील पीक बुडे. शेतकऱ्याच्या कणगीतून तेवढे धान्य भरून घेतले जात नसे. जोखमीचा मोठा वाटा राज्याकडे राही. शिवाय मितावर आलेल्या माणसाला अन्न व मक्याची 'चिचा' ही मदिरा पुरविणे हे राज्याचे कर्तव्य मानले जाई. हुआनुको पाम्पा या प्रांतिक केंद्राच्या उत्खननात भल्यामोठ्या चौकाभोवती अन्न शिजविण्याची व चिचा तयार करण्याची जागा आणि असंख्य रांजणांचे अवशेष मिळाले. राजा आपल्या प्रजेचा यजमान आहे, ही भूमिका तेथे प्रत्यक्ष मेजवानीतून वठविली जात असे.

यजमानपदासाठी कोठारे भरलेली हवीत. इंकांची कोठारे, म्हणजे 'कोल्का', डोंगरउतारावर ओळीने बांधलेली असत. उंचावरचा गार वारा खेळता राहावा आणि पाण्याचा निचरा व्हावा अशी त्यांची रचना होती. हुआनुको पाम्पा येथे अशी ४९७ कोठारे मोजण्यात आली आहेत. तेथे गोल कोठारांत प्रामुख्याने मका आणि आयताकृती कोठारांत कंदमुळे साठविली जात, असे क्रेग मॉरिस यांच्या संशोधनातून दिसून आले. मांतारो खोऱ्यात दोन हजारांहून अधिक आणि कोचाबाम्बा खोऱ्यातील कोतापाची येथे सुमारे २,४०० कोठारांचे अवशेष आढळले आहेत. कोचाबाम्बात वाय्ना कापाक या सम्राटाने सैन्यासाठी मका पिकवावा म्हणून निरनिराळ्या जमातींचे १४,००० कष्टकरी आणले होते, अशी नोंद वसाहतकालीन न्यायालयीन कागदपत्रांत आहे.

साठवणुकीच्या तंत्रातही अँडीजवासीयांनी मोठी मजल मारली होती. रात्रीच्या कडाक्याच्या थंडीत बटाटे गोठवायचे, दिवसा उन्हात ठेवायचे आणि पायांनी तुडवून त्यांतील पाणी काढून टाकायचे, अशा रीतीने 'चुन्यो' तयार होई व तो अनेक वर्षे टिके. मांस सुकवून 'चार्की' केली जाई. डोंगरउतारावर दगडी बांधांच्या पायऱ्या घालून पाट काढले जात. पिसाक व ओयान्तायताम्बो येथे अशी शेती आजही पाहावयास मिळते. किनाऱ्याजवळच्या बेटांवरील पक्ष्यांची विष्ठा उत्तम खत म्हणून वापरात होती आणि त्या पक्ष्यांना मारणाऱ्यास देहदंड होता, असे गार्सिलासो सांगतो.

निरनिराळ्या उंचीवरील पिके एकाच समूहाला मिळावीत म्हणून जमातीची काही कुटुंबे दूरच्या खोऱ्यांत वस्ती करून राहत. जॉन मुर्रा यांनी १९७२ मध्ये या पद्धतीला उभ्या द्वीपसमूहाची उपमा दिली. या व्यवस्थेमुळे पर्वतीय प्रदेशात मोठ्या बाजारपेठांची गरज फारशी भासली नाही. कोठारे जोडणारे रस्त्यांचे जाळे सुमारे ३०,००० किलोमीटरचे होते. ते युनेस्कोने २०१४ मध्ये जागतिक वारसा म्हणून घोषित केले.

अझ्टेकांची शासनरचना :

अझ्टेक सत्ता म्हणजे टेनोच्टिट्लान, टेस्कोको व ट्लाकोपान या तीन नगरराज्यांची युती होय. इट्झकोआट्लच्या नेतृत्वाखाली १४२८ मध्ये आस्कापोत्साल्कोच्या वर्चस्वाचा पाडाव करून ही युती प्रबळ झाली. राज्यकारभाराचे मूळ एकक 'आल्तेपेट्ल' म्हणजे नगरराज्य होते आणि त्यावर 'ट्लातोआनी' हा राजा असे. नगरराज्यात 'काल्पुय्यी' नावाचे विभाग असून ते आपल्या सदस्यांना शेतजमिनी वाटून देत. जिंकलेल्या नगरराज्यांचे राजे सामान्यतः गादीवरच ठेवले जात. त्यांनी ठरलेली खंडणी वेळेवर पोहोचवावी, एवढी प्रमुख अपेक्षा असे. वसुलीवर देखरेख ठेवण्यासाठी 'काल्पिश्की' हे अधिकारी नेमलेले असत. म्हणजेच इंकांप्रमाणे खालपर्यंत पोहोचणारे प्रशासन उभारण्याऐवजी अझ्टेकांनी अप्रत्यक्ष सत्तेवर भर दिला.

१५४० च्या सुमारास तयार झालेल्या आणि आज ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात असलेल्या 'कोडेक्स मेंदोसा' या चित्रग्रंथात अडतीस करदायी प्रांतांच्या खंडणीची यादी आहे. तीत मका, घेवडा, चिया व राजगिरा यांनी भरलेली कोठारे, सुती वस्त्रे, कोकोच्या बिया, पिसांचे पोशाख व हिरवे मौल्यवान खडे यांची चित्रे आहेत. या यादीत धान्य मुख्यतः जवळच्या प्रांतांकडून आणि वस्त्रे, कोको, पिसे यांसारख्या हलक्या व मौल्यवान वस्तू दूरच्या प्रांतांकडून येताना दिसतात. याचे कारण वाहतुकीत आहे. ओझे वाहणारे 'ट्लामेमे' पाठीवर सुमारे २३ किलो भार घेऊन चालत. लांबच्या पल्ल्यावर आणलेल्या धान्याचा मोठा भाग वाटेतच हमालांच्या पोटात गेला असता. रॉस हॅसिग यांनी १९८५ मधील आपल्या ग्रंथात वाहतुकीच्या या मर्यादेचे महत्त्व विशद केले आहे.

चिनाम्पा आणि बाजार :

नगराच्या अन्नाचा खरा आधार जवळच होता. गोड्या पाण्याच्या उथळ सरोवरांत गाळ, चिखल व पाणवनस्पती यांचे थर रचून लांबट वाफे तयार करीत आणि कडेला विलो जातीची झाडे लावून ते पक्के करीत. हीच 'चिनाम्पा' शेती. तिला 'तरंगती शेती' म्हणण्याची प्रथा असली तरी हे वाफे तळाशी पक्के बसलेले असत. दोन वाफ्यांमधील कालव्यातील सुपीक गाळ वेळोवेळी काढून पिकांना घातला जाई. रोपे आधी गादीवाफ्यावर वाढवून मग लावली जात. त्यामुळे एका वर्षात एकापाठोपाठ अनेक पिके निघत. शोचिमिल्को-चाल्को परिसरात अशा शेतीखालील क्षेत्र सुमारे ९,००० हेक्टर असावे, असा अंदाज आहे. हा माल होड्यांतून थेट नगरात पोहोचत असे. पाठीवरच्या ओझ्याच्या तुलनेत होडी कितीतरी पट अधिक माल कमी श्रमात वाहून नेई.

या शेतीला राज्याच्या जलव्यवस्थापनाची जोड होती. १४४९ च्या महापुरानंतर टेस्कोकोचा राजा नेसाउआल्कोयोट्ल याच्या योजनेनुसार सुमारे १६ किलोमीटर लांबीचा बांध घालण्यात आला. पुराला अटकाव करणे आणि खारे पाणी नगराभोवतीच्या गोड्या पाण्यापासून वेगळे ठेवणे, असे त्याचे दुहेरी कार्य होते. पिण्याचे पाणी चापुल्तेपेकच्या झऱ्यांतून पाटाने आणले जाई. अशा कामांसाठी अझ्टेकही प्रजेकडून श्रम घेत असत, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

अन्नाचे वितरण मात्र प्रामुख्याने बाजारातून होई. ट्लाटेलोल्कोच्या बाजारात दररोज साठ हजारांवर लोक खरेदी-विक्री करतात, असे कोर्तेसने १५२० च्या पत्रात लिहिले आहे. हा आकडा अतिशयोक्त मानला तरी बाजाराची भव्यता नाकारता येत नाही. तेथे प्रत्येक मालासाठी वेगळी ओळ होती आणि तंटे सोडविण्यासाठी न्यायाधीश बसत. कोकोच्या बिया व सुती वस्त्रे यांचा चलन म्हणून उपयोग होई. मका चुन्याच्या निवळीत उकळून, दगडी पाट्यावर वाटून त्याच्या भाकऱ्या करण्याची पद्धत सार्वत्रिक होती. चुन्याच्या प्रक्रियेमुळे मक्यातील नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला उपलब्ध होते. मका व घेवडा यांच्या जोडीने प्रथिनांची गरजही बऱ्याच अंशी भागत असे. त्यामुळे मायकेल हार्नर यांनी १९७७ मध्ये मांडलेला, प्रथिनांच्या अभावामुळे नरबळी व नरमांसभक्षण वाढले, हा सिद्धांत टिकला नाही. बर्नार्ड ऑर्तिस दे मोंतेयानो यांनी १९७८ मध्ये अझ्टेकांच्या आहाराच्या आधारे त्याचे खंडन केले.

१४५४ चा दुष्काळ :

कोणत्याही अन्नव्यवस्थेची कसोटी दुष्काळात लागते. अझ्टेकांची अशी कसोटी पहिल्या मोक्तेसुमाच्या कारकिर्दीत लागली. १४५० पासून हिमतुषार व अवर्षण यांमुळे पिके सतत बुडाली आणि १४५४ मध्ये, म्हणजे त्यांच्या पंचांगातील 'एक ससा' या वर्षी, संकट शिगेला पोहोचले. वृक्षवलयांच्या अभ्यासातूनही या काळातील अवर्षणाला दुजोरा मिळाला आहे. दुरानच्या वृत्तानुसार राजाने कोठारे उघडून काही काळ लोकांना अन्न पुरविले. परंतु साठा संपला. तेव्हा ज्याला जिकडे अन्न मिळेल तिकडे त्याने जावे, अशी परवानगी राजाला द्यावी लागली.

आखाताच्या किनाऱ्यावरील टोटोनाक लोकांकडे त्या वर्षी मका होता. ते मका घेऊन आले आणि माणसे विकत घेऊन गेले. मुलगी चारशे कणसांपेक्षा आणि मुलगा पाचशे कणसांपेक्षा कमी किमतीत विकू नये, अशी आज्ञा राजाने काढली, असे दुरान नमूद करतो. ज्या राजाच्या दारी प्रांतोप्रांतीची खंडणी येत होती, त्याला आपल्या प्रजेच्या मुलांची विक्री थांबविता आली नाही. फक्त तिचा किमान भाव ठरविता आला. बाजार व खंडणी या दोन खांबांवर उभ्या असलेल्या व्यवस्थेची मर्यादा या आज्ञेतून स्पष्ट होते. दुष्काळानंतरच्या वर्षांत अझ्टेकांनी आखाताकडील सुपीक प्रदेशाकडे मोहिमा वळविल्या, यामागे या अनुभवाचा वाटा होता असे अनेक अभ्यासक मानतात. म्हणजे भुकेवर त्यांनी शोधलेला उपाय अधिक खंडणी हाच होता.

इंका राज्य 'कल्याणकारी' होते काय?

वरील विवेचनावरून इंकांचे राज्य प्रजाहितदक्ष आणि अझ्टेकांचे शोषक, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. फ्रेंच अर्थतज्ज्ञ लुई बोदँ यांनी तर १९२८ मध्ये इंकांना 'समाजवादी साम्राज्य' असे संबोधले होते. मात्र हे मत आता स्वीकारार्ह मानले जात नाही. कोठारांतील धान्याचा मोठा भाग सैन्य, अधिकारी, देवस्थाने व मितावरील मजूर यांच्यासाठी खर्च होत असे. सामान्य वर्षी गावकऱ्याला त्याचा आय्यूच जगवीत होता. बंडखोर जमातींची मुळे उखडून त्यांना शेकडो मैलांवर वसविले जाई. 'आक्या' म्हणून निवडलेल्या मुलींना घरापासून कायमचे दूर नेऊन वस्त्रे विणण्यास व चिचा करण्यास लावले जाई. कापाकोचा विधीत बालकांचे बळीही दिले जात. मेजवानी देणारा यजमान पाहुण्याला नकार देण्याची मुभा देत नव्हता.

तथापि एक फरक उरतोच. इंका राज्याने जे घेतले त्याची परतफेड करण्याचे बंधन, निदान तत्त्वतः, मान्य केले होते. श्रम घेतले तर जेवण दिले पाहिजे, हा संकेत राजालाही मोडता येत नव्हता. अझ्टेकांच्या खंडणीत असे बंधन करदात्या प्रांताच्या बाबतीत क्षीण होते. खंडणी एका दिशेने वाहत राही आणि तिचा लाभ प्रामुख्याने राजधानीतील राजघराणे, सरदार व योद्धे यांना होई.

साम्राज्यांचा पाडाव आणि अन्न :

१५१९ मध्ये कोर्तेस किनाऱ्यावर उतरला तेव्हा त्याच्याशी प्रथम हातमिळवणी करणारे लोक टोटोनाक हेच होते. एकेकाळी मक्याच्या मोबदल्यात मेशिकांची मुले विकत घेणारे हे लोक मधल्या काळात त्यांचेच करदाते बनले होते. कोर्तेसच्या चिथावणीने त्यांनी मोक्तेसुमाच्या वसुली अधिकाऱ्यांना पकडले. ट्लास्कालाच्या लोकांनी प्रथम स्पॅनिशांशी युद्ध केले. परंतु अझ्टेकांच्या नाकेबंदीमुळे वर्षानुवर्षे मीठ व कापूस यांना मुकलेल्या या राज्याने अखेर त्यांच्याशीच मैत्री केली. १५२० मधील देवीच्या साथीने नगर आधीच खचले होते. १५२१ च्या वेढ्यात चापुल्तेपेकचा पाट तोडण्यात आला आणि सरोवरातील होड्यांची वाहतूक रोखण्यात आली. सुमारे अडीच महिन्यांच्या उपासमारीनंतर १३ ऑगस्ट १५२१ रोजी नगर पडले. ज्या पाण्याने नगराला पोसले होते त्याच पाण्यावरील ताबा गमावताच ते कोसळले.

इंकांच्या बाबतीत घटनाक्रम वेगळा दिसतो. उआस्कार व आताहुआल्पा या भावांच्या यादवीने राज्य पोखरलेले असताना पिझारोने १६ नोव्हेंबर १५३२ रोजी काहामार्का येथे आताहुआल्पाला कैद केले. पुढील वर्षी त्याला ठार मारण्यात आले. राजा गेला, परंतु कोठारे भरलेलीच राहिली. मांतारो खोऱ्यातील वांका लोकांनी इंकांच्या वर्चस्वातून सुटण्यासाठी स्पॅनिशांना साथ दिली आणि आपल्या कोठारांतून त्यांना मका, बटाटे, लामा व वस्त्रे पुरविली. सम्राट नसतानाही त्यांचे हिशेबनीस क्विपूवर प्रत्येक वस्तूची नोंद करीत होते. दिले किती आणि लुटून नेले किती, याचाही हिशेब त्यांनी ठेवला होता. १५५८ ते १५६१ या काळात वांका सरदारांनी हे दोरे लिमाच्या न्यायालयापुढे वाचून दाखविले. जे घेतले त्याची परतफेड झाली पाहिजे, या जुन्या संकेताचाच तो दावा होता.

स्पॅनिशांनी मात्र या व्यवस्थेचे नाव ठेवले आणि आशय टाकला. व्हाइसरॉय तोलेदोने १५७० च्या दशकात पोतोसीच्या चांदीच्या खाणींसाठी 'मिता'च पुन्हा सुरू केली. पाळीने श्रम घेणे कायम राहिले. यजमानाचे कर्तव्य मात्र उरले नाही. अपुऱ्या मजुरीत मजुराला आपले अन्न स्वतःच पाहावे लागे. इर्जिकीचे रूपांतर वेठीत झाले. मेक्सिकोतही साथींच्या रोगांमुळे गावे ओस पडली आणि १६०७ पासून सरोवरांचे पाणी खोऱ्याबाहेर काढण्याचे काम सुरू झाल्यावर चिनाम्पांचे क्षेत्र कालांतराने आक्रसत गेले.

या संस्कृतींचा वारसा :

साम्राज्ये लयास गेली तरी त्यांच्या शेतकऱ्यांनी जोपासलेली पिके जगभर पसरली. मका, मिरची व बटाटा ही पिके पोर्तुगीज संपर्काच्या काळात भारतात आली. 'बटाटा' हा मराठी शब्दच पोर्तुगीजांमार्फत आलेला आहे. महाराष्ट्रात उपवासाला चालणारा राजगिराही मूळचा अमेरिकेतील. अझ्टेक लोक त्याच्या पिठात गोड पाक मिसळून देवतांच्या मूर्ती घडवीत आणि त्या प्रसाद म्हणून खात. याच कारणावरून स्पॅनिश धर्मगुरूंनी या पिकाकडे संशयाने पाहिले व मेक्सिकोत त्याची लागवड घटली. तेथे निषिद्ध ठरविण्यात आलेले धान्य येथे पवित्र मानले गेले, ही इतिहासातील एक लक्षणीय घटना म्हणावी लागेल. शोचिमिल्कोच्या चिनाम्पांचा समावेश १९८७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला. पेरूच्या पर्वतीय भागात आजही चुन्यो तयार केला जातो.

निष्कर्ष :

१) इंका व अझ्टेक या दोन्ही साम्राज्यांनी बैल, चाक व लोखंड यांच्याशिवाय मोठ्या लोकसंख्येचे भरणपोषण केले. यामागे स्थानिक शेतकऱ्यांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे ज्ञान होते. राज्यसत्तेने त्याचा विस्तार केला.

२) इंकांनी प्रजेकडून धान्याऐवजी श्रम घेतले आणि कोठारे हा राज्यकारभाराचा कणा बनविला. अझ्टेकांनी खंडणी, चिनाम्पा शेती व बाजार यांच्या समन्वयातून राजधानी पोसली.

३) पीक बुडण्याची जोखीम इंका व्यवस्थेत मोठ्या प्रमाणात राज्यावर, तर अझ्टेक व्यवस्थेत सामान्य कुटुंबावर व करदात्या प्रांतांवर पडत होती. १४५४ चा दुष्काळ याची साक्ष देतो.

४) दोन्ही राज्ये बळावर आधारलेली होती, त्यांपैकी कोणत्याही एकाला आदर्श मानता येत नाही. तथापि परतफेडीचे बंधन ज्या व्यवस्थेत मान्य झाले, ती व्यवस्था राजा नाहीसा झाल्यावरही काही काळ टिकून राहिली.

राज्य किती धान्य गोळा करते यापेक्षा अवर्षणाच्या वर्षी ते धान्य कोणाच्या घरात पोहोचते, यावर राज्याची खरी योग्यता ठरते. कोतापाचीच्या रिकाम्या कोठारांचे अवशेष आणि चारशे कणसांची ती राजाज्ञा या दोन्ही गोष्टी इतिहासाच्या अभ्यासकाला हाच प्रश्न विचारतात.